गुरुवारची मुलं

पाली, वेल्हे
२८ सप्टेंबर १९६९

दाजी ज्ञानोबा यांस बाजीरावचा रामराम.

जाईला सातवा सरत आला, म्हणून लिहितो. दसरा झाला की मी भोरला येऊन तिला घेऊन जाईन. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, हे तुम्हाला सांगायला नको. आईने आहळीव आणि डिंक कधीच आणून ठेवलाय. माजघरातला कोपरा सारवून तयार आहे. नुकतीच व्यालेली एक शेळी जाईच्या नावाने राखली आहे, तिचं दूध आम्ही कुणी काढत नाही, करडूच काय ते पितं.

कोंडाबाई सुईण अजून खुटखुटीत आहे. मला आणि जाईला तिनेच काढलं. तुम्ही कारखान्यातून सुटी घेण्याची गरज नाही. नसरापूरपर्यंत एसटी, पुढं मार्गासनी आणि तिथून पालीपर्यंत मी बैलगाडी सांगून ठेवतो. जाईला हिसका बसणार नाही एवढं बघीन.

भात यंदा बरं आहे. आईचा आशीर्वाद.

तुमचा मेहुणा,
बाजीराव


भोर
५ ऑक्टोबर १९६९

बाजीरावदादांना ज्ञानोबाचा नमस्कार.

पत्र पोचलं. तुम्ही रागावणार हे धरूनच लिहितो. जाईला यंदा पालीला पाठवता येणार नाही.

आमच्या कारखान्यात युनियनने भांडून यंदापासून विमा आणला. प्रत्येक कामगाराला कार्ड मिळालं. माझ्या कार्डावर माझ्या नावाखाली जाईचं नाव छापलेलं आहे. हे कार्ड भोरमधल्या एकाच खासगी दवाखान्यात चालतं, दुसरीकडे नाही. पालीला ते काय कामाचं?

मी स्वतः जाऊन डॉक्टरांना भेटलो. त्यांनी मला "बसा" म्हटलं. दादा, ज्या माणसाला आजवर दवाखान्यात दाराबाहेर उभं राहायची सवय, त्याला खुर्चीत बसून डॉक्टरशी बोलताना काय वाटतं ते पत्रात लिहिता येत नाही.

एक बारीक गोष्ट आहे. साध्या बाळंतपणाला विमा काही देत नाही. कंपनी म्हणते, बाळंतपण हा आजार नव्हे. पण ऑपरेशन लागलं तर सगळा खर्च विम्यातून. मी डॉक्टरांना विचारलं, साधं झालं तर मला झेपेल का? ते हसले. म्हणाले, "तुमच्यावर बोजा पडणार नाही असं बघू." इतका चांगला माणूस आहे.

आईंना समजावून सांगा. शेळी राखलीच आहे तर बाळ घेऊन आम्ही येऊ तेव्हा दूध पिऊ.

ज्ञानोबा


भोर
२१ नोव्हेंबर १९६९

बाजीरावदादा, पेढे पत्रातून पाठवता येत नाहीत, नाहीतर आधी तेच पाठवले असते.

काल गुरुवारी सकाळी जाईला मुलगा झाला. ऑपरेशन करावं लागलं. डॉक्टर म्हणाले, हिची कंबर अरुंद आहे, अशा बाईचं साधं बाळंतपण या जन्मात व्हायचं नाही. बरं झालं वेळेवर आलात. मी सही केली. भूल देणारे साहेब खास पुण्याहून मोटारीने आले होते. कारखान्यातल्या एका साध्या फिटरच्या बायकोसाठी पुण्याहून डॉक्टर येतो, विचार करा.

दत्तगुरूंच्या वारी आला म्हणून मुलाचं नाव दत्तू ठरलं. गंमत म्हणजे आमच्या चाळीत गेनूचा मुलगा दत्तात्रय आहे, वॉचमन रामभाऊंचा नातू गुरुनाथ, आणि पलीकडच्या खोलीत आणखी एक दत्तू. सगळे यंदाचेच आणि सगळे गुरुवारचे. म्हातारी माणसं म्हणतात, कारखान्याच्या चाळीवर दत्ताची नजर आहे.

जाई अजून ग्लानीत आहे. आईंना घेऊन या.

ज्ञानोबा


पाली
४ डिसेंबर १९६९

दाजी,

भोरहून आल्यापासून तुम्हाला लिहीन लिहीन म्हणत होतो. आज लिहितो.

आम्ही तिथं होतो ते दिवस तुम्ही पाळीवर होता, म्हणून तुम्ही हे पाहिलं नाही. मी आणि आई दवाखान्याच्या दारात पोचलो तर तिथल्या आयाने विचारलं, "कार्डवाल्या का रोखवाल्या?" आई म्हणाली, "आमी पालीवाल्या." ती हसायला लागली. मग कळलं की तिथं बायांच्या दोनच जाती आहेत. दारात दोन बाकडी आहेत. कार्डाच्या बाया एका बाकावर, रोखीच्या दुसऱ्या. आत खाटाही तशाच.

आई जाईजवळ बसली. मी व्हरांड्यात. बायका आपसांत बोलत होत्या ते ऐकत होतो. जाईच्या ओळीतल्या एकूण एक बाईचं पोट कापलेलं. कुणाचं मूल आडवं, कुणाची नाळ गळ्यात, कुणाची कंबर अरुंद. समोरच्या ओळीत धान्याच्या व्यापाऱ्याची सून होती, रोखीची. दोन दिवस कळा देत होती, तिची कंबर जाईपेक्षा बारीक. तिला डॉक्टर म्हणाले, थोडं थांबू, होईल. झालं. मंगळवारी झालं आणि पायांनी चालत टांग्यात बसली.

मी आयाला विचारलं, "भूल देणारे साहेब रोज येतात का?" ती म्हणाली, "रोज कुठलं? दर गुरुवारी येत्यात. संध्याकाळी परत."

दाजी, माझ्याकडे बावीस शेळ्या आहेत. एक सकाळी विते, एक दुपारी, एक रानात झुडपाखाली. बाजाराचा वार बघून विणारी शेळी मी अजून पाहिली नाही. तुमच्या चाळीतल्या बायाच तेवढ्या वार बघून बाळंत होतात का? आणि तुम्ही दत्तगुरूंना हात जोडता. तुमचा दत्त पुण्याहून मोटारीने येतो आणि संध्याकाळी परत जातो.

आईने जाईच्या पोटावरची पट्टी पाहिली. नसरापूरला मी चहा घेतला, तिने घेतला नाही.

तुम्हाला काय वाटलं असेल मी जाणतो. पण तुम्हीच लिहिलं होतं, साध्याला विमा नाही, ऑपरेशनला आहे. ते लिहिताना तुमचा हात कसा थांबला नाही, एवढंच विचारतो.

बाजीराव


भोर
१० डिसेंबर १९६९

बाजीराव,

दादा म्हणवत नाही. मुलगा धडधाकट, बायको जिवंत, आणि तुम्ही मला शेळ्यांचा हिशोब शिकवता.

तुमचा राग कशाचा आहे ते मला ठाऊक आहे. बाळंतपण तुमच्या माजघरात झालं नाही, मान गेला. कोंडाबाईची साडी-चोळी राहिली. डॉक्टर दहा वर्षं शिकून आलेला. तो म्हणतो कंबर अरुंद, तर अरुंद. व्हरांड्यात बसून तुम्हाला कळलं आणि त्याला कळलं नाही, असं कसं?

सुईणीचं एवढं कौतुक असेल तर मीही एक विचारतो. तुमची बायको, आमच्या फुलावहिनी, बाळंतपणात कशाने गेल्या? तेव्हाही कोंडाबाईच होती ना? झोळीत घालून वेल्ह्याला नेताना वाटेतच गेल्या ना? मी ते विसरलो नव्हतो. म्हणूनच जाईला पालीला पाठवली नाही. लिहिणार नव्हतो, तुम्ही लिहायला लावलंत.

या कार्डासाठी आम्ही फाटकावर उन्हात बसलो. ते कुणी फुकट दिलेलं नाही. त्याला नावं ठेवलेली मी ऐकून घेणार नाही.

ज्ञानोबा


पाली
१६ डिसेंबर १९६९

फुलाचं नाव तुम्ही घेतलंत, म्हणून हे पोस्टकार्ड.

सुरीवर माझा राग नाही. फुलाला सुरी हवी होती, ती तिला मिळाली नाही. जाईला नको होती, ती तिला मिळाली. तुम्हाला दोन्ही एकच वाटत असेल तर आपलं बोलणं संपलं.

दत्तूला मामाचा आशीर्वाद. शेळी विकली.

बाजीराव


भोर
११ जुलै १९७१

बाजीरावदादांना ज्ञानोबाचा साष्टांग नमस्कार.

दीड वर्ष झालं. आईंच्या आजारपणात आणि दत्तूच्या जावळाला जाई तुमच्याकडे येऊन गेली, मी फाट्यावरून परत फिरलो. आज कोणत्या तोंडाने लिहितो ते माझं मला माहीत.

जाई पुन्हा गरोदर आहे. आठवा चालू आहे. आणि कारखान्याला एप्रिलपासून टाळं आहे. आम्ही फाटकावर बसतो, आत कुणी नाही. टाळं लागलं त्याच महिन्यात विमा बंद झाला, कार्डं गोळा करून घेतली. दादा, कार्ड गेलं, टाका राहिला.

परवा जाईला घेऊन त्याच डॉक्टरांकडे गेलो. आयाने विचारलं, "कार्डाचे का रोखीचे?" मी म्हणालो, आता कशाचेच नाही. तिने बाकावर बसवलं नाही. उभेच राहिलो. डॉक्टर बाहेर आले. मी म्हणालो, साहेब, दिवस भरत आले. तुम्ही म्हणाला होता, हिचं साधं बाळंतपण या जन्मात व्हायचं नाही, मग आता काय करायचं? तर ते म्हणाले, "होईल की साधं. पुष्कळ बायकांचं होतं. गावाकडे घेऊन जा, घरीच करा."

मी म्हणालो, साहेब, कंबर अरुंद होती ना. ते म्हणाले, "ते तेव्हा." आणि आत गेले.

मी घरी आलो, तुमचं जुनं पत्र काढलं आणि सगळं वाचलं.

जाई वाकली की पोटात ओढतं म्हणते. मागल्या वर्षीपासूनच म्हणते, मी लक्ष दिलं नव्हतं. फाटक सोडलं तर हजेरीतलं नावच कापतील, आणि घरात ठेवून मला काही सुचत नाही. तुम्ही सांगाल ते करीन.

ज्ञानोबा


पाली
१५ जुलै १९७१

दाजी,

पत्र दुपारी मिळालं. लावणी चालू आहे, चिखलातला हात धुऊन बसलो.

दीड वर्षात जाईची कंबर रुंद झाली म्हणायची. कार्ड काढून घेतलं की बाईचं हाड वाढतं, हे औषध आम्हाला ठाऊक नव्हतं. हे वाचून मला तुमचा राग आला नाही. मला त्या माणसाच्या दारात जाऊन बसावंसं वाटलं. पण आधी जाई.

घरी बाळंतपण अजिबात नको. मी कोंडाबाईला विचारलं. ती म्हणाली, "कापल्यालं पोट माझ्या हातात देऊ नगंस. म्या न्हाई करायची. फुलीच्या टायमाला म्या हाय म्हनले, तवापास्नं झोप न्हाई मला." म्हातारीला एवढं कळतं की आपल्याला काय येत नाही.

तिला पुण्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात न्यायचं. तिथं कार्ड विचारत नाहीत असं किकवीचा मानसिंग सांगतो. त्याच्या बहिणीला तिथंच नेलं होतं. दिवस भरायच्या आधीच नेऊन जवळ कुठं तरी ठेवायचं. गुंजवणी नदीला पाणी आहे, पालीत ठेवून आयत्या वेळी निघायचं हे मी एकदा करून बघितलंय. आई दत्तूला सांभाळील. लावणी भावकी करील.

रविवारी भोरला येतो. जाईची गाठोडी बांधून ठेवा. तुम्ही फाटक सोडू नका. टाळं उघडलं तर कार्ड परत येईल, आणि आल्यावर त्याचं काय करायचं ते आपण भेटून बोलू.

बाजीराव


पाली
१२ सप्टेंबर १९७१

दत्तूच्या बाबांना जाईचा नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. कारखाना उघडला, कार्ड परत आलं, आता काळजी न्हाई, पोरीला घिऊन कधी येतीस असं तुमी लिवलंय. चौथीपातुर शिकल्याली हाय मी, म्हनून दादाला सांगितलं, ह्या पत्राचं उत्तर माझं मीच लिवते.

पुन्यात काय झालं ते दादानं तुमाला थोडक्यात सांगितलं आसंल. बाकीचं म्या सांगते. कळा सुरू झाल्या तवा डॉक्टरीणबाई म्हनल्या, बघू, थांबू, साधं झालं तर बरंच. लई येळ त्या माझ्यापाशीच व्हत्या. पोटावर हात ठिवून बसायच्या. मग टाक्यापाशी दुखाय लागलं, येगळंच दुखनं, आन् त्यांचं तोंड बदललं. लगेच आत नेली. आतला टाका विरला व्हता. आनखी उशीर झाला आसता तर पोटात फाटला आसता. दोघी वाचलो. तिसरं नको म्हनल्या, कवाच नको.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या, टाका बघितला आन् इचारलं, "पहिल्या वेळी ऑपरेशन कशासाठी केलं होतं?" म्या म्हनलं, गुरुवार व्हता म्हनून.

त्यांनी खुर्ची वडली आन् बसल्या. मग म्या सगळं सांगितलं, ते तुमालाबी आज सांगते. त्या गुरुवारी मला कळा येत नव्हत्या. आदल्या दिवशी तपासलं आन् उद्या सकाळी या म्हनले, म्हनून आलो. म्या डॉक्टरला म्हनलं, साहेब, अजून काय व्हत न्हाई, घरी जाते. तर आया म्हनली, "अगं, भूलवाले साहेब संध्याकाळी जात्यात, मग पुढल्या गुरुवारपातुर बसतीस का?" तुमी भाएर व्हता. इस्त्रीचा सदरा घातला व्हता. कागूद आनला तवा तुमी माझ्याकडं बघितलं न्हाई, सही केली. मागनं पेढे वाटलं. एवढ्या कवतिकात म्या काय सांगनार व्हते.

तुमी आन् दादानं मिळून माझ्यावरनं केवढी भांडनं केली. त्याचा मान, तुमचं कार्ड. दोघांनीबी मला येकदा इचारलं आसतं, जाई, त्या दिवशी दुखत व्हतं का, तर एका शब्दात मिटलं आसतं. पोट माझं व्हतं.

पोरगी मंगळवारी झाली. आईनं इचारलं नाव काय, म्या म्हनलं फुला. दादा शेरडांना पाला टाकाय गेला, लई येळ आला न्हाई.

आता कार्डाचं. तुमाला वाटंल ही म्हनंल कार्ड फेकून द्या. म्या तसं म्हनत न्हाई. फुलावयनीच्या येळंला आसं कार्ड आसतं, आन् ते चालनारा दवाखाना वेल्ह्यात आसता, तर ती आज हितं माझ्या पोरीला न्हाऊ घालत आसती. पर आजपातुर ह्या कार्डानं गेनूच्या बायकूला कापलं, रामभाऊच्या सुनंला कापलं, आन् त्यांच्या पोटात दुसरं आलं तर त्यांनी कुठं जायचं? चाळीतल्या बायांना तुमी सांगितलं का? का आजून दत्ताची नजर म्हनताय?

दर गुरुवारी तुमी त्या बाकावर जाऊन बसा. येनाऱ्या बाईला येवढंच इचारायचं, कळा येत्यात का. येत आसल्या तर आत जाऊ द्या. तेवढं करा. तुमी बसलाय असं मला कळलं म्हंजी म्या येते. तवर न्हाई.

दत्तू तुमची आठवन काढतो. त्याला मामाचं एक करडू दिलंय.

जाई


भोर
१८ ऑक्टोबर १९७१

जाई,

तुझं पत्र चाळीत वाचून दाखवलं. बायकांना बसवून. ते वाचताना मला कुणाकडे बघता येत नव्हतं, तरी सगळं वाचलं, सदऱ्याचं आणि सहीचंही. गेनूची बायको उठून घरात गेली. तिला चौथा महिना आहे. दुसऱ्या दिवशी गेनू तिला पुण्याला दाखवून आला.

गुरुवारची पाळी बदलून घेतली. पहिल्या गुरुवारी आयाने विचारलं, "कार्डाचे का रोखीचे?" म्हटलं, बाकाचा. तिला वाटलं डोकं फिरलंय. दुसऱ्या गुरुवारी डॉक्टर बाहेर आले. मागे त्यांनी मला "बसा" म्हटलं होतं. या वेळी म्हणाले, "इथे बसायचं नाही." मी बसून राहिलो. म्हटलं, साहेब, माझ्या कार्डावर बायकोचं नाव आहे, म्हणून बसलोय. त्यांनी कारखान्यात कळवलं. मला नोटीस आली, इतर कामगारांना दवाखान्यापासून परावृत्त करतो म्हणून.

युनियनमध्ये मांडलं. पुढारी म्हणाले, "गप बस, ज्ञानोबा. कंपनी निमित्तच शोधतेय, विमाच काढून घेतील." मी म्हणालो, मग मागणी करा. ऑपरेशन झालं काय, साधं झालं काय, दवाखान्याला सारखंच द्या. बघू त्या दिवशी किती कंबरा अरुंद निघतात. माणसं हसली, मग हसायची थांबली. मागणीच्या यादीत ती घातली आहे. कंपनीचं उत्तर आलं, बाळंतपण हा आजार नव्हे. यादी परत पाठवली आहे.

गेल्या गुरुवारी मानसिंगची बायको आली. किकवीचा मानसिंग, आता आमच्याच खात्यात लागलाय. दोघं नटूनथटून. त्याच्या हातात कार्ड, अंगात इस्त्रीचा सदरा. मला माझाच तो गुरुवार आठवला. मी तिला विचारलं, "बाई, कळा येतात का?" ती मानसिंगकडे बघायला लागली. मी म्हणालो, त्याला काय विचारता, पोट तुमचं आहे. ती म्हणाली, "न्हाई वो, काईच न्हाई. साहेब म्हनले आज या." आतून आयाने हाक मारली. मी मानसिंगला एवढंच म्हणालो, तुझ्या बहिणीला पुण्यात नेलं होतंस ना, तिथं वार विचारला होता का? त्याने कार्ड खिशात घातलं. मग तिला घेऊन बाहेर पडला.

परवा दुपारी तिला कळा आल्या. सरकारी दवाखान्यात नेलं. कापावं लागलं नाही. मुलगा झाला, शनिवारी.

नोटिशीचं काय होतं ते पुढं बघू. फुलाला आणि दत्तूला घेऊन ये, किंवा येऊ नकोस, मी गुरुवारी बाकावर असेन. बाजीरावदादांना सांग, चाळीत यंदापर्यंत सगळे दत्तूच होते. मानसिंगच्या घरात परवा मारुती आला.

ज्ञानोबा